चालू इंजिनावर वाकायचं नाही

आधी माझ्या केसांबद्दल सांगते, कारण एकोणिसाव्या वर्षी माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कमरेच्या खाली जाणारी, मनगटाएवढी जाड एक वेणी, आणि तिच्या वरच्या टोकाला मी. दर रविवारी आई मागच्या अंगणात चुलीवर रिठे आणि शिकेकाई उकळायची. मी पाटावर मान खाली घालून बसायचे आणि डोळ्यांत फेस जात असतानासुद्धा मला खात्री असायची, की या पुण्यात आपल्यासारखी दुसरी नाही. कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. पदार्थविज्ञानात नापास होण्यापुरतं पदार्थविज्ञान मला येत होतं, आणि घरात तेवढंही कोणाला येत नव्हतं, त्यामुळे माझा रुबाब मोठा होता.

आमचं घर गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर. पुढे नानांचं, म्हणजे वडिलांचं, ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आणि त्याच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या. गॅरेज कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे फक्त आईला माहीत होतं. उंबऱ्याच्या आत ऑइलचं पाऊल पडलं की ती हातातलं काम सोडून फडकं घेऊन यायची, आणि ज्याचं पाऊल त्याच्याच हातात फडकं द्यायची. पहाटे यार्डात माल उतरायला लागला की ट्रकचे फाळके धाडधाड आपटायचे, हमालांच्या हाका सुरू व्हायच्या, आणि मिरचीच्या हंगामात सगळा रस्ता शिंकतच उठायचा. कांदा आणि डिझेल यांचा मिळून एक वास होतो, तो माझ्या वह्यांना, ओढण्यांना आणि अर्थात वेणीलाही यायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाने पोहे खाताना विचारलं होतं, तुमच्याकडे कांदा जरा जास्त वापरतात का. मी त्या मुलाशी लग्न केलं नाही. केलं असतं तर आज हे लिहायला मला वेळ मिळाला नसता, कारण तो माणूस फार बारीक चौकशा करायचा.

नाना बोलायला कमी आणि टोचायला जास्त. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट नव्हतं. तरुणपणी चालू इंजिनावर वाकून पट्टा चाचपताना ते गेलं. तेव्हापासून गॅरेजात एक नियम झाला होता, चालू इंजिनावर कोणी वाकायचं नाही. काय बघायचं ते बंद करून बघा. कोणी विसरलाच तर नाना रागवायचे नाहीत, नुसता डावा हात वर धरायचे. चालू इंजिनाकडून काही जाणून घ्यायचं असलं तर ते स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे, डोळे मिटायचे आणि कानाने शोधायचे. मला तर इंजिन चालू असताना त्या बाजूला फिरकायचीच बंदी होती. पंख्यात वेणी अडकली तर डोकं वाचेल, ते म्हणायचे, पण वाचवण्यासारखं त्यात काही आहे का ते आधी बघावं लागेल.

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, मन ट्रकमध्ये नव्हतं. कॅम्पातल्या एका बंगल्याच्या मागे पडलेली, जिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या अशी एक जुनी विलायती गाडी त्याने ओढून आणली, आणि लष्कराच्या लिलावातून कोणाकोणाच्या हातून त्याच्याकडे पोचलेला एक सुपरचार्जर तिला बसवायचं ठरवलं. नाना त्याला ब्लोअर म्हणायचे, तेही कडू काढ्याचं नाव घ्यावं तसं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझ्या मैत्रिणींना मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात चुकीचं सांगायचे. साधं इंजिन आपल्याला लागेल तेवढी हवा आपण ओढून घेतं. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो बाहेरची हवा खेचतो आणि इंजिनात कोंबतो, आत्याने "एवढी एकच" म्हणत ताटात आणखी एक पुरणपोळी कोंबावी तशी. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. त्यासाठी दोन वाटा लागतात. एक, एअर फिल्टरपासून ब्लोअरकडे हवा ओढून आणणारी, आणि दुसरी, ब्लोअरपासून इंजिनात ती दाबून नेणारी. ही दाबाची वाट दादाने लोखंडी नळाचे तुकडे कापून, वाकवून, स्वतः वेल्डिंग करून तयार केली. त्याचं हे पहिलंच एवढं मोठं वेल्डिंग. ओढीच्या वाटेत एक रबरी नळी लागत होती. तिच्यासाठी तो मुंबईला जाऊन काहीतरी खास आणतो म्हणत होता. नानांनी रॅकवरून ट्रकच्या रेडिएटरची एक नळी काढून त्याच्यापुढे टाकली. हिच्यातून उकळतं पाणी गेलं तरी ही फुटत नाही, तुझी हवा तिला काय करणार आहे, असं त्यांचं म्हणणं. दादाने ती बसवली.

जागेवर उभी असताना गाडी छान चालायची. ब्लोअरची एक बारीक शीळ यायची, यार्डाच्या पलीकडून कोणी स्वतःच्या नादात शीळ घालत येतंय अशी. दादा ती पहिल्यांदा कात्रजच्या घाटाला घेऊन गेला तेव्हा नाना पुढे आणि मी मागे बसले होते. दुसऱ्या वळणावर खरा चढ लागला, दादाने पाय दाबला, आणि शीळ मध्येच बंद पडली. मागे काळ्या धुराचा लोट, दोन-तीन आचके आणि सगळं थंड. मागून नानांच्या ओळखीचे कांद्याचे ट्रक चढत होते. ड्रायव्हर उतरले, हसले, त्यांनीच ढकलून गाडी कडेला घेतली. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली, काही झालंच नाही अशी, आणि चढावर पुन्हा तेच. नानांनी बॉनेट उघडून दादाच्या वेल्डिंगवर एकदा नजर फिरवली आणि सगळ्यांच्या देखत, आवाज जराही न चढवता म्हणाले, "तुझ्या हातात काम नाही, बाळ." त्यातलं 'बाळ' ट्रकवाल्यांना हसू यावं म्हणून होतं. त्यांना आलं.

पुढच्याच आठवड्यात दादाचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणजे काय, पथ्य पाळलं की उतरते, असं सगळेच म्हणत होते. आईने घरातलं तेल बंद केलं, तिखट बंद केलं, फोडणी बंद केली. एकट्या त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी तेच खायचं. बिनफोडणीचं वरण, मऊ भात, उकडलेला दुधी, उसाचा रस. पण ती उतरली नाही. श्रावण संपायच्या आत दादा गेला.

त्याच्या आजारपणाबद्दल मी इथे आणखी लिहिणार नाही. त्यानंतरचं मात्र लिहिते, कारण ते मला जास्त विचित्र वाटतं. दिवस झाले, पाहुणे परत गेले, आणि आई तसाच स्वयंपाक करत राहिली. बिनफोडणीचं वरण, मऊ भात, उकडलेला दुधी. आम्ही तिघं ते जेवत राहिलो. नवरात्र गेलं, दिवाळी आली आणि गेली, संक्रांत झाली. कोणी तिखट मागितलं नाही. नानांसारखा माणूस, ज्याला चटणीशिवाय घास उतरत नसे, तो ताटातलं पांढरं पांढरं बघायचा आणि संपवायचा. चव नव्हती असं म्हणता येणार नाही, मीठ बरोबर असायचं. खरं तर ते बेचव आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शनिवार पेठेतली आत्या, नानांची थोरली बहीण, एका शनिवारी जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "वहिनी, दवाखान्यातून डबा येतो का हो तुमच्याकडे?" आई म्हणाली, "आणखी भात वाढू?" विषय तिथेच संपला.

आत्याचं खरं लक्ष माझ्यावर होतं. मी रडले नव्हते. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. यात काही धैर्य वगैरे नव्हतं. येत नव्हतं, एवढंच. मी सकाळी उठायचे, वेणी घालायचे, कॉलेजच्या बसची वाट बघायचे, बस आली की ती जाऊ द्यायचे आणि घरी परत यायचे. आरशात बघून तोंड वाकडं करून पाहिलं, कांदा चिरून पाहिला. कांद्याच्या रस्त्यावर जन्म काढलेल्या मुलीला कांद्याने काय होणार? मनात कुठेतरी मला असंही वाटत होतं, की आपण मोठ्या गूढ आणि खोल स्वभावाच्या आहोत. आता त्या मुलीला समोर बसवून सांगावंसं वाटतं, बाई, तू खोल नव्हतीस, तू बंद होतीस. आत्या आईला सांगायची, हिच्या डोळ्यात टिपूस नाही, पण वेणीत गजरा आहे. गजरा खरंच होता. तो घालायची सवय होती म्हणून होता.

गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. नाना त्या कोपऱ्यातला पाना हवा असला तरी वळसा घालून जायचे आणि पुष्कळदा तो न घेताच परत यायचे. मग एक दिवस जेवताना, भाताकडे बघत, ते आईला म्हणाले, "वर्षश्राद्धाच्या आत ती गाडी नीट चालली तर चालली. नाहीतर भंगारवाल्याला सांगतो." आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. भंगारवाला एकदा येऊन ताडपत्री उचलून बघूनही गेला. त्याने ती तोडली असती तर आधी वरच्या नळ्याच कापल्या असत्या, आणि मग घाटात बोललं गेलेलं ते वाक्य कायमचं खरं होऊन बसलं असतं. दादाच्या हातात काम होतं की नव्हतं, हे सांगणारी दुसरी वस्तू जगात नव्हती. नानांना हे भंगारवाला आला त्याच दिवशी कळलं होतं, असं मला आता वाटतं. मला तेव्हा इतकंच कळत होतं, की दुपार जात नाही. म्हणून मी ताडपत्री काढली.

पहिले काही दिवस मी वही घेऊन गाडीभोवती हिंडले. दाब आणि आकारमान यांचा नियम मी नानांना इतका सविस्तर समजावून सांगितला, की ते मध्येच उठून एका ट्रकच्या खाली गेले आणि मी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. माझं म्हणणं असं, की दाबाच्या वाटेत कुठेतरी गळती आहे, आणि गळती असणार ती दादाच्या वेल्डिंगच्या जोडांमध्ये. नानांचंही तेच म्हणणं होतं, फक्त ते म्हणत नव्हते. गेलेल्या मुलाच्या कामाला नाव ठेवायचं नाही, असं घरात न ठरवता ठरलं होतं, त्यामुळे दोघंही त्याच एका जोडाकडे बघायचो आणि हवामानावर बोलायचो.

रविवारी आईने माझ्यासाठी रिठे उकळले. पाटावर बसल्या बसल्या हातातल्या फेसाकडे बघून मला एकदम सुचलं, पंक्चरवाला पाण्यात बुडबुडा शोधतो, तसं इथे का नाही? ओल्या केसांनी, रिठ्याचं पातेलं घेऊन मी गॅरेजात गेले. नानांनी काही न विचारता नळाची दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद केली, एका बुचातून टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली, आणि मी दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर फेस लावत गेले. तेवढ्यात आत्या आली. दारात उभी राहून तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "गाडीला न्हाऊ घातलंस ते बरं केलंस. आता हिची ओटीही भरून टाक." आम्ही दोघंही हसलो नाही. जोडाजवळ डोळे नेऊन बसलो होतो. फेस तसाच राहिला, पांढरा, शांत. एकही बुडबुडा फुगला नाही.

"नाना, गळत नाही," मी म्हटलं.

"थंड लोखंड शहाण्यासारखंच वागतं," नाना म्हणाले आणि कॉम्प्रेसर बंद करून निघून गेले. म्हणजे, तापल्यावर जोड उघडत असेल. म्हणजे, घाटातलं ते वाक्य अजून तिथेच होतं.

मग मी प्लग काढले. ते काजळासारखे काळे होते. काळा प्लग म्हणजे पेट्रोल पुरेसं आहे पण हवा पोचत नाही, एवढं त्या गॅरेजात राहणाऱ्या मांजरालाही माहीत असेल. मी मात्र त्यावर दोन दिवस विचार केला. फिल्टर काढून रॉकेलमध्ये धुतला, वाळवला, बसवला. नानांनी गाडी चालू केली, तापवली, जागेवरच जोर दिला. शीळ वर चढली, आणि मग कोणीतरी गळा धरल्यासारखी थांबली. काळा धूर, आचके, बंद. बॉनेट उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी, गोल गोल आणि व्यवस्थित. पुन्हा तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. बिघाड व्हायचा तो इंजिन जोरात चालू असताना, आणि आम्ही बघायचो ते इंजिन बंद पडल्यावर. एखादा माणूस चारचौघांत बरा दिसतो म्हणून तो घरीही बराच असणार, असं समजण्यासारखं होतं ते. पण नियम म्हणजे नियम. तो मोडायचं नानांच्या मनातही येत नव्हतं, कारण त्या नियमासाठी त्यांनी एक बोट दिलेलं होतं.

माझ्या मनात आलं याचं श्रेय मला देऊ नका. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं आणि आई गुरुजींना सांगायला गेली होती. नाना गाडीत बसून डोळे मिटून ऐकत होते. बॉनेट उघडं होतं, त्याच्या आड त्यांना मी दिसत नव्हते. मी वेणीचा घट्ट अंबाडा घातला, खिळ्याला लटकत असलेली दादाची कामाची टोपी त्याच्यावर ओढली, कानाखाली दाबून बसवली, ओढणी काढून ठेवली, आणि गेले आणि वाकले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या वर्षात मला कशाचंच काही वाटत नव्हतं, त्याचा हा एक उपयोग झाला. पंखा तोंडापासून हातभर अंतरावर फिरत होता आणि मला फक्त इतकं जाणवलं, की वारा गरम आहे.

"बंद करू नका," मी बॉनेटच्या आडून ओरडून म्हटलं. "आणखी दाबा."

त्या जागेवरून असं म्हणणारा पूर्वी दादाच असायचा. त्याने नियम कधी पाळला नव्हता. नानांनी दाबलं.

शीळ चढायला लागली. मी दादाच्या जोडांकडे बघत होते. ते हलले नाहीत, थरथरलेही नाहीत. मग डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पलीकडची काळी रबरी नळी, ओढीच्या वाटेवरची, मधोमध खोल गेली. मग आणखी खोल. आत्या कवळी काढून आंब्याची कोय चोखायची तेव्हा तिचे गाल जसे दोन्ही बाजूंनी आत जाऊन भेटायचे, तशी ती नळी मिटली. ब्लोअर हवा ओढत होता आणि वाटच बंद झाली होती. शीळ थांबली, धूर आला, इंजिन आचके देऊन बंद पडलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती नळी फुप्प करून पुन्हा गोल झाली.

आमच्या गॅरेजात नळी म्हणजे फुटणारी वस्तू होती. आत दाब वाढला की पाणी बाहेर. नानांनी आयुष्यभर फुटलेल्या नळ्या बदलल्या होत्या, म्हणून न फुटणारी ती चांगली. आतून ओढून घेतल्यावर मिटणारी नळी कोणी बघितलेलीच नव्हती. गरम झाली की रबर मऊ पडत होतं, जोर दिला की मिटत होतं. दादाला मुंबईहून जी खास नळी हवी होती तिच्या आत तारेचं वेटोळं असतं, ते नेमकं यासाठी.

नाना गाडीतून उतरून पुढे आले. आधी त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग पुन्हा डोक्याकडे. डावा हात वर उचलायला गेले आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला.

"काय दिसलं?"

"नळी आत ओढली जाते. चपटी होते."

"कुठली?"

"तुम्ही दिलेली."

मी हे बसची वेळ सांगावी तशा आवाजात सांगितलं. त्यांना लागेल, असं डोक्यातच आलं नाही. आज मी ते इतकं सरळ बोलू शकणार नाही, दहा वळणं घेऊन येईन आणि तरी चुकीच्या जागी पोचेन. नाना त्या नळीकडे बघत राहिले.

"आणि त्याचा जोड?"

"त्याला काही झालेलं नाही."

त्यांनी उजवा तळवा दादाच्या वेल्डिंगवर ठेवला. इंजिन नुकतंच बंद पडलेलं, लोखंड चांगलंच तापलेलं होतं. गॅरेजवाल्याला हे सांगावं लागत नाही. त्यांनी हात लगेच उचलला नाही. संध्याकाळी आईने कोरफडीचा गर काढून त्यांच्या तळव्याला लावला, फोड मोठा होता, आणि कसं झालं हे तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी यार्डातून जाड पोलादी तार आणली. नळीच्या आत बसेल असं वेटोळं करायला काहीतरी गोल, हाताला बसणारं हवं होतं. मी आईकडे लाटणं मागितलं. आईचं लाटणं म्हणजे तिच्या माहेरचं, ते गॅरेजात जाणं म्हणजे जवळजवळ देवघर गॅरेजात जाण्यासारखं. तिने ते पदराने पुसलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ऑइल लागलं तरी चालेल." मी लाटणं धरलं, नानांनी त्याच्यावर तार गुंडाळली. हात भाजलेला होता, म्हणून हळूहळू. नऊ बोटांनी एकेक वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटवत गेले. लाटणं काढून घेतल्यावर वेटोळं जरा सैल होऊन फुललं आणि नळीत अगदी नेमकं बसलं. नानांनी नळी बाहेरून दाबून पाहिली. दबत नव्हती.

इथे थोडी थांबते. माझी नात सई हिंजवडीला एका कंपनीत आहे. परवा तिची गाडी पुलावर चढताना दम टाकायला लागली, तर सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले सेन्सर बदला. मी म्हटलं, आधी हवेची नळी बघायला सांग. ती हसली. नंतर फोन आला, "आजी, नळीच निघाली, तू भारी आहेस." मी भारी वगैरे काही नाही. मला आयुष्यात एकच बिघाड ओळखता येतो, म्हणून मी सगळीकडे तोच सांगत असते. कुकरची शिट्टी होत नसली तरी, आणि जावई तुटक बोलायला लागला तरी. कधीतरी बरोबर निघतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, सकाळी, नाना म्हणाले, "चल." मी त्यांच्या शेजारी, पुढे बसले. सातारा रस्ता तेव्हा मोकळा असायचा. कात्रजच्या चढाला लागलो तेव्हा पुढे कांद्याचा एक ट्रक कण्हत चढत होता. पहिलं वळण गेलं. दुसरं आलं. जिथे गाडी ढकलून कडेला लावली होती तो कठडा मला दिसला, नानांनाही दिसला असणार. त्यांनी पाय दाबला. शीळ चढत गेली, बारीक होत होत आणखी वर गेली, आणि तुटली नाही. पाठ सीटला टेकली. ट्रक बाजूने मागे गेला. एकामागून एक वळणं आली आणि गेली. बोगद्याच्या अलीकडे जरा सपाट जागा आहे, तिथे नानांनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले,

"हात होता त्याला."

अशा वेळी एखाद्या शहाण्या मुलीने काहीतरी बोलावं. निदान रडावं, सगळं जमून आलेलं होतं. मी आत चाचपून बघितलं, तिथे अजूनही काही हलत नव्हतं. मी म्हटलं, "नाना, माझा अंबाडा सुटला."

सकाळी घाईत वेणी न घालता नुसताच गुंडाळलेला तो अंबाडा खरंच सुटला होता. काच उघडी होती, वाऱ्याने सगळे केस सुटून गिअरच्या दांड्यापर्यंत पसरले होते. नानांनी ते बघितलं. मग ते खाली उतरले, मागून उरलेल्या तारेचा तुकडा आणि पक्कड घेऊन माझ्या बाजूला आले आणि दार उघडून म्हणाले, "तिकडे तोंड कर." माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. वेणी घालायची कशी हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. ट्रकवरचा माल बांधताना दोर पिळतात तसे त्यांनी सगळे केस एकत्र घेऊन पिळले, भाजलेला तळवा वाचवत, मग ते दुमडले आणि तारेचे दोन वेढे देऊन पक्कडीने टोक आवळलं. उरलेलं टोक टोचू नये म्हणून कट् करून तोडलं आणि बोटाने चाचपून पाहिलं. "आता नाही सुटणार," ते म्हणाले.

आता माझ्या केसांना तार सोडाच, साधा रबरबँडही जड होतो. गाडी भंगारात गेली नाही. पुढची कित्येक वर्षं ती आमच्याकडे होती, माझी पाठवणी तिच्यातूनच झाली, आणि तेव्हा मी इतकी रडले की आत्याने सगळ्यांना हळूच विचारलं, मुलगा आवडला नाही का हिला. ते रडणं कशाचं होतं हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी आम्ही परत आलो ते यार्डाच्या रस्त्याने. शीळ रस्त्याच्या तोंडापासून घरापर्यंत पोचली असणार, न तुटता. कारण मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तेव्हा आतून तेलात मोहरी तडतडल्याचा आवाज आला, मग हिंगाचा वास, मग मिरचीचा ठसका. नाना दारातच थांबले आणि खोकले. आईने मागे वळून माझं डोकं बघितलं, तार बघितली, जवळ येऊन ती सोडवायचा प्रयत्न केला, पण ती बोटांनी सुटणारी नव्हती. तिने नानांकडे पक्कड मागितली.

"राहू दे आजचा दिवस," नाना म्हणाले, आणि पक्कड खिशात घालून पाटावर बसले.